ऐकणारे कान हवेत! वस्तीतील लेखक-मंडळ कसे उभे राहील, कसे टिकेल?

एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून निळे फलक लागतात. त्यात एखादा फलक कविसंमेलनाचाही असतो. मंडप पडतो, ध्वनिक्षेपक येतो, पाहुण्यांचे सत्कार होतात. पाहुण्यांची भाषणे संपता संपता रात्रीचे अकरा वाजतात आणि मग सूत्रसंचालक जाहीर करतो की, आता आपले स्थानिक कवी प्रत्येकी एकच रचना, तीही थोडक्यात, सादर करतील. तोवर सकाळच्या पाळीचे कामगार उठून गेलेले असतात. माताभगिनी लेकरांना निजवायला घरी परतलेल्या असतात. आपल्याच वस्तीतला कवी रिकाम्या खुर्च्यांना आपली कविता ऐकवतो. दुसऱ्या दिवशी मंडप सुटतो आणि मोठ्या हौसेने नाव ठेवलेला 'साहित्य मंच' पुढच्या एप्रिलपर्यंत झोपी जातो.

ही गोष्ट एका वस्तीची नाही. आम्ही ती गावोगावी आणि चाळीचाळीत पाहिली आहे. लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. रिक्षाच्या सीटखाली वही ठेवणारे भाऊ आहेत. चार घरची धुणीभांडी करून आल्यावर मुलाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिणाऱ्या ताई आहेत. कॉलेजात जाणारी पोरे मोबाइलवर लिहितात. उणीव आहे ती ऐकणाऱ्यांची, आणि त्यांना ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी एकत्र बसवणाऱ्या व्यवस्थेची. म्हणून या लेखात आम्ही संमेलनाविषयी फार बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत पंधरवड्याच्या साध्या बैठकीविषयी. ती कशी ठरवावी, तिच्यात काय करावे आणि ती कशी टिकवावी, एवढाच आमचा विषय आहे.

मोठ्या संमेलनामागे लहान बैठक

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादरच्या बंगाली हायस्कूलच्या सभागृहात पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते अण्णाभाऊ साठे. शाळेची पायरी जेमतेम चढलेला, मुंबईच्या गिरणीत राबलेला हा माणूस त्या दिवशी साहित्यिकांपुढे उभा राहिला. या घटनेचा उल्लेख आपण नेहमी अभिमानाने करतो. परंतु हे संमेलन काही एका रात्रीत उभे राहिले नाही. त्यामागे आधी सिद्धार्थ साहित्य संघ आणि नंतर महाराष्ट्र दलित साहित्य संघ या संस्था होत्या. अप्पासाहेब रणपिसे, घनश्याम तळवटकर यांच्यासारखे कार्यकर्ते त्यासाठी राबत होते. संमेलन इतिहासात नोंदले गेले. पण संमेलनाआधी माणसे जमवणारे, पत्रे पाठवणारे आणि हिशेब ठेवणारे हात फारसे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

पुढे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' वर्षानुवर्षे चालवले आणि त्याच्या नावाने लेखक-वाचक मेळावे भरवले. नावातच पाहा: लेखक आणि वाचक, दोघांचा मेळावा. नुसते लेखक एकत्र आले तर एकमेकांची पाठ थोपटून घरी जातात. वाचक समोर बसला की लिहिणाऱ्याला आपल्या शब्दांची जबाबदारी कळते.

आपल्या लेखकांनी ज्यांच्याशी दुःखाचे नाते सांगितले त्या अमेरिकेतील काळ्या लेखकांचा दाखलाही येथे घेण्याजोगा आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९५० साली जॉन ऑलिव्हर किलेन्स व त्यांच्या सोबत्यांनी लेखकांचे एक मंडळ सुरू केले. सभासद एकमेकांच्या घरी जमत, लिहिलेले वाचून दाखवत आणि ऐकणारे तोंडावर खरे बोलत. पुढे जगभर वाचल्या गेलेल्या माया अँजेलो या मंडळात आल्या, तेव्हा त्यांच्या पहिल्याच वाचनावर कडक टीका झाली. त्यांनी लिहिणे सोडले नाही आणि मंडळातली जागाही सोडली नाही. १९६९ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मंडळ म्हणजे निव्वळ कौतुकाचा बाजार नव्हे, हे यातून शिकावे.

बेबीताईंची वही

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आज अनेक घरांत आहे. ते कसे लिहिले गेले, हे मात्र प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे. बेबीताई लहानसे किराणा दुकान चालवीत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या वाचत आणि लिहीत. लिहिलेले मात्र घरच्यांपासून दडवून ठेवत. असे थोडेथोडके नव्हे, सुमारे वीस वर्षे चालले. पुढे फलटणला राहून काम करणाऱ्या विदुषी मॅक्सिन बर्नसन यांनी त्यांना ते लेखन बाहेर आणायला धीर दिला. १९८२ च्या सुमारास ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तक झाले.

वाचकहो, या वीस वर्षांचा विचार करा. बाई लिहीत होती, तिच्याजवळ सांगण्यासारखे होते, भाषा होती. नव्हता तो ऐकणारा माणूस. तो भेटला म्हणून पुस्तक झाले. ज्या बायांना तो भेटला नाही, त्यांच्या वह्या कुठे गेल्या? रद्दीत गेल्या, चुलीत गेल्या, ट्रंकेच्या तळाशी कुजल्या. त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. वस्तीतल्या लेखक-मंडळाचे पहिले काम हेच, की आपल्या गल्लीतल्या कुणाही ताईला वीस वर्षे वाट पाहावी लागू नये.

पहिली बैठक: नाव शेवटी ठरवा

मंडळाची पहिली बैठक बहुधा नावावरूनच मोडते. एक म्हणतो महामानवाचे नाव हवे, दुसरा म्हणतो 'परिवर्तन' हवे, तिसरा म्हणतो आमच्या वडिलांनी १९७५ साली याच नावाचे मंडळ काढले होते. दोन तास जातात, चहा संपतो, वाचन राहून जाते. म्हणून आमची सूचना अशी की पहिल्या तीन बैठका बिननावाच्या होऊ द्याव्यात. मूल जन्मून जरा बाळसे धरले की बारसे करता येते.

पहिल्या बैठकीत चारच गोष्टी ठरवाव्यात.

पहिली गोष्ट वार आणि वेळ. ती पदाधिकाऱ्यांच्या सोयीने ठरवू नये. सर्वांत कमी सवड असलेल्या माणसाच्या सोयीने ठरवावी. घरकाम करणाऱ्या ताईला संध्याकाळी सातला स्वयंपाक असतो. रात्रपाळीच्या वॉचमनला दुपारी झोप हवी असते. हातगाडीवाल्याचा रविवार हाच धंद्याचा दिवस असतो. एकेकाला विचारा आणि वहीत लिहा. बहुतेक वस्त्यांत रविवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ जुळते. तुमच्याकडे दुसरी जुळली तर ती धरा. एकदा ठरली की वर्षभर हलवू नका. 'महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार' हे पाठ झाले पाहिजे.

दुसरी गोष्ट जागा. विहाराचे सभागृह, समाजमंदिर, अभ्यासिका, अंगणवाडीची खोली, नाहीतर चाळीची गच्ची. जागा अशी असावी की एकटी बाई आणि वयात आलेली मुलगी तेथे निर्धास्त येऊ-जाऊ शकेल. कुणा एका पुढाऱ्याचे कार्यालय शक्यतो टाळावे. निवडणूक आली की तिथे दुसऱ्याच बैठका भरतात.

तिसरी गोष्ट जबाबदाऱ्या. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार अशी सात पदे आणि नऊ माणसे, असे मंडळ आम्ही पाहिले आहे. तीन जणांवर काम चालते. निमंत्रकाने निरोप द्यावा, नोंदवहीवाल्याने इतिवृत्त लिहावे, हिशेबनिसाने पैसे सांभाळावेत. तिघेही सहा महिन्यांनी बदलावेत. यांतली एक जबाबदारी तरी नेहमी महिलेकडे असावी. आणि चहाची पाळी सर्वांची असावी, पुरुषांचीही. लेखिका म्हणून बोलावलेल्या ताईला दोन तास स्टोव्हपुढे बसवायचे असेल तर तिने घरीच काय वाईट होते?

चौथी गोष्ट म्हणजे इथले इथेच राहील हा शब्द. माणूस खरे लिहू लागला की त्यात घर येते, दारू येते, सासर येते, ठेकेदाराने बुडवलेली मजुरी येते. रविवारी वाचलेले सोमवारी नळावर चघळले गेले, तर ती ताई तिसऱ्या रविवारी येणार नाही आणि पुन्हा कधी लिहिणारही नाही. म्हणून लिहिणाऱ्याच्या परवानगीवाचून वाचलेल्याची चर्चा बाहेर नाही, फोटो नाही आणि मोबाइलवरून पुढे पाठवणे नाही. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात.

कुणी म्हणेल, चार कविता ऐकायला एवढी शिस्त कशाला? त्यांना आम्ही २५ नोव्हेंबर १९४९ ची आठवण करून देतो. त्या दिवशी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की सभा चालवण्याची रीत भारताला परकी नाही. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान या सर्वांचे नियम प्राचीन भिक्खू संघात होते. म्हणजे सभेची शिस्त ही साहेबी फॅशन नव्हे. आपल्या विहारात बसून आपण वेळेवर सभा सुरू केली, एकेकाला बोलू दिले आणि ठरले ते लिहून ठेवले, तर आपण आपलाच जुना वारसा चालवतो.

बैठकीचे दोन तास

पहिली दहा मिनिटे मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचावे. ते लांबलचक नको. तारीख, हजर किती, कुणी काय वाचले, काय ठरले, ते कोण करणार आणि खर्च किती, एवढे सहा मुद्दे पुरतात. 'ते कोण करणार' हा मुद्दा विसरू नका. ज्या ठरावापुढे माणसाचे नाव नसते तो ठराव अनाथ असतो.

पुढचा तासभर वाचनासाठी ठेवावा. एका बैठकीत तिघांनी किंवा चौघांनी वाचावे, प्रत्येकाला पंधरा मिनिटे द्यावीत. दहा मिनिटे वाचन आणि पाच मिनिटे ऐकणाऱ्यांचे बोलणे. वाचणाऱ्याने आधी प्रस्तावना करू नये. 'ही कविता मला अशी सुचली' म्हणत कवितेपेक्षा मोठी गोष्ट सांगणारे कवी आपल्याला ठाऊक आहेतच! जे सांगायचे ते कागदावर असू द्या.

ऐकणाऱ्यांसाठीही क्रम ठरवावा. आधी ऐकताना डोळ्यांपुढे काय उभे राहिले, ते सांगावे. मग कुठे समजले नाही, कुठे लक्ष उडाले, ते सांगावे. ऱ्हस्व-दीर्घ सर्वांत शेवटी, तेही वही हातात घेऊन, खासगीत. 'फारच छान' आणि 'यात काही दम नाही' ही दोन्ही वाक्ये बैठकीत वर्ज्य करावीत, कारण दोन्हींनी लिहिणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. 'आई रेशनच्या रांगेत उभी आहे ते दिसले, पण ती रिकाम्या हाताने का परतली ते कळले नाही', असे सांगितले तर तो घरी जाऊन एक ओळ वाढवील. टीका म्हणतात ती हीच.

उरलेल्या वेळात एखाद्या छापील पुस्तकातली चार पाने मोठ्याने वाचावीत. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा कथासंग्रह, दया पवारांचे १९७८ चे 'बलुतं', उर्मिला पवारांचे २००३ चे 'आयदान'. आपल्या घरात ही नावे भिंतीवरच्या तसबिरींसारखी झाली आहेत. उघडून वाचणारे कमी. ऐकताना मनात प्रश्न ठेवावा की, लेखकाने सुरुवात कुठून केली? कुणाला बोलते केले? काय सांगायचे टाळले? लिहायला शिकवणारा याहून चांगला मास्तर नाही, आणि त्याला फीही लागत नाही.

बोलीला कात्री लावू नका

मंडळात एखादे गुरुजी असले की हा पेच हमखास येतो. ताईने 'पानी', 'व्हतं', 'माज्या' असे लिहिलेले असते आणि गुरुजी लाल पेन काढतात. गुरुजींचा हेतू चांगला असतो. पण सोलापूर जिल्ह्यातल्या शांताबाई कांबळे या स्वतः शिक्षिका होत्या, त्यांना प्रमाण मराठी येत होती. तरीही १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा' असेच आहे. 'माझ्या जन्माची' असे केले असते तर शब्द शुद्ध झाले असते आणि शांताबाईंचा आवाज पुसला गेला असता.

म्हणून गुरुजींनी एवढेच पाहावे की लिहिणारा एकच बोली सर्वत्र नीट वापरतो का. निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणे घरच्या बोलीत, अशी वाटणीही चालते. अर्ज, तक्रार आणि निवेदनपत्र मात्र प्रमाण भाषेत यायलाच हवे. ते शिकवण्यात गुरुजींचा खरा उपयोग करून घ्यावा. महिन्यातून एकदा बैठकीनंतर अर्धा तास 'अर्ज लिहून मिळेल' अशी पाटी लावा. शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, पाण्याची जोडणी यांचे अर्ज लिहायला माणसे येतील आणि जाताना त्यांतले कुणीतरी विचारील, 'इथे तुम्ही आणखी काय करता?' सभासद असे मिळतात.

आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही बोलवा. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठे झाल्यावर मुंबईत अक्षरे शिकले आणि पुढे गावोगाव त्यांची गाणी गायली गेली. आपल्या वस्तीतली आजी अंगठा उठवत असेल. पण तिच्याजवळ जात्यावरची गाणी आहेत, दुष्काळाच्या हकिगती आहेत. तिने सांगावे, नातीने लिहावे. कागदावर नाव दोघींचे असावे, आधी आजीचे.

पैशांचा हिशेब

मंडळे मोडतात ती बहुधा पैशांवरून. आधी मोठा कार्यक्रम ठरतो, मग वर्गणी फिरते, मग हिशेबावरून तोंडे फिरतात. म्हणून उलटे करावे: जेवढे पैसे तेवढेच काम. समजा बारा सभासद आहेत आणि दरमहा प्रत्येकी वीस रुपये ठरले. महिन्याला २४० रुपये झाले, वर्षाला २,८८० रुपये. दोन बैठकींचा चहा, झेरॉक्स आणि वर्षाकाठी काही पुस्तके यात बसतात. ज्याला एखाद्या महिन्यात जमले नाही त्याचे नाव पुकारू नये. वर्गणीच्या धाकाने बेरोजगार पोरगा यायचा थांबला तर मंडळ कशासाठी? हिशेब दर बैठकीला वाचून दाखवावा, मग तो सहा रुपयांचा का असेना.

नोंदणीची घाई नको. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्यान्वये संस्था स्थापायला किमान सात जण लागतात, आणि नोंदणीनंतर दरवर्षीचे हिशेब व कागदपत्रे सादर करणे आले. पंधरवड्याला बसून वाचायला नोंदणी लागत नाही. देणग्या घ्यायची, बँकेत खाते उघडायची किंवा अनुदान मागायची वेळ आली की मग जाणकाराचा सल्ला घ्यावा.

एक सावधगिरीची सूचना. 'कविता पाठवा, पैसे भरा, प्रातिनिधिक संग्रहात छापू, सन्मानपत्र देऊ' असे निरोप हल्ली मोबाइलवर फार फिरतात. आपल्या कष्टाचे पैसे भरण्याआधी संग्रह किती प्रतींचा, तो कुठे विकला जाणार, आपल्याला प्रती किती, हे लेखी मागावे. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर जरूर जाब विचारावा.

वर्षाचा आराखडा

आपल्या दिनदर्शिकेत दिवस भरपूर आहेत, आणि प्रत्येक दिवस साजरा करायला गेले की बैठक बुडते. म्हणून वर्षाच्या पहिल्या बैठकीत चारच उपक्रम निवडावेत आणि त्यांची तयारी पंधरवड्याच्या बैठकीतच करावी. आमच्या मते पुढील चार सोसण्यासारखे आहेत.

३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. १८५४ साली 'काव्यफुले' प्रसिद्ध करणाऱ्या या माईच्या दिवशी फक्त महिलांचे वाचन ठेवावे. पुरुषांनी सतरंज्या अंथराव्यात, लेकरे सांभाळावीत आणि ऐकावे.

३१ जानेवारीला मूकनायक दिन. १९२० साली त्या दिवशी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. या दिवशी संपादकाला पत्र कसे लिहावे, बातमी कशी लिहावी याचा वर्ग घ्यावा. प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या एका प्रश्नावर दीडशे शब्द लिहावेत आणि ते खरोखर एखाद्या वर्तमानपत्राला पाठवावेत.

१ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती. त्यांच्या निमित्ताने कामगारांनी कामाविषयी लिहावे. कोणते यंत्र, किती तासांची पाळी, हाताला काय लागते, जेवणाच्या डब्यात काय असते. आपल्या श्रमाचा तपशील आपणच लिहिला नाही तर तो कुणी लिहिणार नाही.

आणि आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास. या तीन महिन्यांत पुष्कळ विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते आणि वयोवृद्ध मंडळी आवर्जून येऊन बसतात. हा काळ त्यांच्या आठवणी लिहून घेण्यासाठी ठेवावा.

हे काम लांबणीवर टाकता येणार नाही

बाकीचे उपक्रम पुढच्या वर्षी केले तरी चालतील; आठवणींचे काम चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आईबापांचे बोट धरून गेलेले दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. दर वर्षी आपण अशा कितीतरी माणसांना खांदा देतो आणि त्यांच्याबरोबर घराचा इतिहासही जातो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी जाऊन आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. ते काम तेव्हा झाले म्हणून त्या आवाजांपैकी काही आज आपल्याजवळ आहेत.

हे काम मंडळाला सहज जमण्यासारखे आहे. दोघांनी जावे, एकाने विचारावे, एकाने लिहावे. मोबाइलवर आवाज नोंदवायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. 'चळवळीविषयी आपले विचार सांगा' असे विचारले की आजोबा भाषण करतात. त्याऐवजी असे विचारावे: नागपूरला कशाने गेलात? शिदोरीत काय होते? पांढरे लुगडे कुणाकडून आणले? परत आल्यावर घरातल्या देवांचे काय केले? गावातले लोक काय म्हणाले? कामधंद्यावर काय परिणाम झाला? अशा प्रश्नांनी माणूस त्या दिवसात परत जातो. चार दिवसांनी लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे आणि जे नको म्हणतील ते काढावे. कागदावर नाव, गाव, वय, तारीख लिहावी. एक प्रत त्या घरात आणि एक मंडळात ठेवावी. जुने फोटो मागून नेऊ नयेत. तिथल्या तिथे मोबाइलवर उतरवून घ्यावेत आणि फोटोत कोण कोण आहे ते लगेच लिहावे.

फळ्यापासून पुस्तिकेपर्यंत

लिहिलेले लोकांपुढे यायला हवे, परंतु पहिल्याच वर्षी पुस्तक काढायला धावू नये. आधी विहाराच्या किंवा अभ्यासिकेच्या फळ्यावर भित्तिपत्रक लावावे. सुवाच्य अक्षराच्या मुलाला हे काम द्यावे. माणसे उभ्या उभ्या वाचतात. म्हणून एका वेळी एक कविता आणि एक लहान हकिगत एवढेच असावे. दर महिन्याला बदलावे.

वर्ष झाले की पुस्तिका. ए-फोर आकाराचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले की सोळा पाने होतात. मध्ये दोन टाचण्या मारल्या की झाली पुस्तिका. पन्नास प्रती काढाव्यात. ज्यांचे लेखन आहे त्यांच्या घरी एकेक प्रत पोहोचवावी, शाळेला द्यावी, अभ्यासिकेत ठेवावी. प्रकाशनाला मोठा पाहुणा नको. ज्या आजीची आठवण छापली तिच्या हातून प्रकाशन करावे आणि पुस्तिकेतले सारे लेखन, भाषणाशिवाय, मोठ्याने वाचावे. नियतकालिक म्हणून नियमित छापून प्रसिद्ध करायचे ठरले, तर मात्र नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा पाहूनच पुढे जावे.

बैठक कशाने मोडते?

आम्ही पाहिलेल्या मंडळांवरून सांगतो. एक, वेळेवर सुरू न झाल्याने. तीनला आलेली ताई चारपर्यंत ताटकळली की तिचा स्वयंपाक चुकतो आणि घरी बोलणी बसतात. दोघे असले तरी तीनला सुरू करा. दोन, एकाच माणसाच्या बोलण्याने. निमंत्रकाने घड्याळ दाखवून हात जोडावेत. यात अपमान नाही. तीन, मोबाइलच्या गटामुळे. गट निरोपासाठी उत्तम. पण रोज सकाळी पन्नास सुप्रभात आणि तीस राजकीय वादावादी आल्या की बैठकीची तारीख त्यात बुडून जाते. गटावर फक्त निमंत्रकाचा निरोप असावा, आणि ज्यांच्याकडे असा मोबाइल नाही त्यांच्या दारी जाऊन सांगावे. चार, निवडणुकीमुळे. कुणी कोणत्या पक्षाचे काम करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न; मंडळाच्या नावाने पाठिंबा नाही, एवढे ठरवून ठेवावे.

आणि पाचवे, सर्वांत मोठे कारण म्हणजे कुणी आले नाही की मन खट्टू होते. बारा जणांची बैठक पावसाळ्यात चारांवर येते. ती चार माणसे बसली, एकाने वाचले आणि तिघांनी ऐकले तर बैठक झाली. वहीत 'हजर: चार' असे लिहावे आणि पुढची तारीख टाकावी.

माताभगिनींनो, बांधवांनो, तुमच्या वस्तीत असे मंडळ असेल तर या रविवारी त्याचे दार उघडे आहे का ते पाहा. नसेल तर दोनशे पानांची एक वही आणा, शेजारच्या दोघांना विचारा आणि वार ठरवा. आणि बोलावणे पहिल्यांदा त्या ताईकडे जाऊ द्या, जिच्याविषयी गल्लीत म्हणतात की 'ती काहीतरी लिहीत असते, पण कुणाला दाखवत नाही.' तिला म्हणावे, 'ताई, आम्ही ऐकायला बसलो आहोत.'